पंतोजीचा पंधरवडा व सरकारी शाळेचा आठवडा

(१)

मुंबई बंदराच्या पूर्व बाजूस, उरण गांवाच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशीं जो डोंगर उभा आहे त्यास द्रोणागिरी म्हणतात. लक्ष्मणाच्या संजीवनीसाठीं मारुति पर्वत घेऊन जात असतां त्याचा एक तुकडा येथें गळून पडला, अशी दंतकथा त्या भागांत प्रसिद्ध आहे. डोंगराच्या पायथ्याशीं करंजा येथें द्रोणागिरी देवीचें स्थान असून आसमंतांत चाणजें, रानवड, नागांव, केगांव, म्हातवली, बोकडवीरा, फुंडें, नवघर, पागोटें, भेंडखळ हीं जुनीं गांवें आहेत. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें नव्या मुंबईची आंखणी करतांना येथील वसाहतीस या डोंगराचेंच नांव दिलें. आणि १२ जानेवारी २०२४ रोजीं उरणपर्यंतचा लोहमार्ग खुला झाल्यापासून द्रोणागिरी नांवाचें स्थानकही त्यावर आहे.

हा मुलूख संशोधकांस अपरिचित नाहीं. चाणजें येथील शिलाहार अपरादित्याचा शके १०६० चा लेख, रानवडचा सोमेश्वराचा शके ११८१ चा लेख आणि चाणजें येथीलच त्याचा शके ११८२ चा लेख हे कोंकणच्या इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहेत. करंजा बेट पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आलें तें वसईच्या मोहिमेच्या काळांत. १७७४ च्या अखेरीस साष्टीबरोबर तें इंग्रजांनीं घेतलें व १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें त्यांजकडे कायम राहिलें. म्हणजे शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढण्यापूर्वीं सुमारें ४३ वर्षें या बेटावर कंपनीचा अंमल सुरू झाला होता.

दगडावर कोरलेलें आम्हीं वाचलें, तहनाम्यांतील कलमें आम्हीं ताडून पाहिलीं. परंतु याच भूमींतील सहा-सात वर्षांचें मूल एका आठवड्यांत शाळेंत काय शिकत असे, हा प्रश्न आम्हां संग्राहकांच्या मनांत सहसा येत नाहीं. प्रश्न दिसतो लहान. पण ज्या मोडी कागदांच्या जिवावर आमचा सर्व व्यवसाय चालतो, ते कागद लिहिणारा प्रत्येक कारकून एके काळीं असेंच एक मूल होता. म्हणून त्या मुलाच्या शिक्षणाचें कालमान कोणतें होतें, तें केव्हां बदललें आणि त्या बदलांत काय हातीं आलें व काय हातचें गेलें, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

(२)

प्रथम 'आठवडा' हा शब्दच पाहूं. दिवस सात असतां नांव आठांवरून पडलें, याचें कारण मोजण्याची आपली रीत होय. या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत दोन्ही टोंकें धरून मोजलें म्हणजे आठ दिवस भरतात. वारांचें ज्ञान आपल्याकडे जुनें आहे. एरण येथील बुधगुप्ताचा गुप्त संवत् १६५ चा, म्हणजे इ. स. ४८४ चा, स्तंभलेख गुरुवाराचा निर्देश करतो, आणि वार देणाऱ्या आपल्या लेखांत तो अत्यंत प्राचीन गणला जातो. पुढें ताम्रपटांत व शिलालेखांत तिथीबरोबर वार देण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. व्यवहारांत वारावर चालणारी मोठी संस्था म्हणजे आठवडे बाजार.

परंतु वार ठाऊक असणें आणि शिक्षण वारांवर चालणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. आपल्याकडे विद्येचें कालमान तिथींवर बसविलेलें होतें. अमावास्या, पौर्णिमा, चतुर्दशी व अष्टमी हे अनध्यायाचे दिवस मनुस्मृतींत सांगितले आहेत. प्रतिपदेस पाठ करणाऱ्याची विद्या क्षीण होते ही समजूत इतकी जुनी आहे कीं, वाल्मीकीनें सुंदरकांडांत कृश झालेल्या सीतेस तिचीच उपमा दिली आहे. हे सर्व दिवस धरले तर एका पक्षांत चार व महिन्यांत आठ अनध्याय पडतात. हा नियम मूळचा वेदपाठशाळेचा. तथापि गांवच्या पंतोजीच्या शाळेचा वेळही तिथि, सण आणि गांवचीं कामें यांनींच ठरत असे. अमुक वारीं अमुक विषय, असें वेळापत्रक तेथें नव्हतें. इयत्ता नव्हत्या, छापील पुस्तक नव्हतें, वार्षिक परीक्षा नव्हती. ज्याचा धडा पुरा होई तो पुढें जाई. ज्याचा होत नसे तो तेथेंच घोटीत बसे. म्हणून या शाळेच्या कालमानास आम्हीं 'पंधरवडा' म्हटलें आहे.

(३)

या शाळेंतील पहिलें साधन धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा वाळू पसरावयाची, बोटानें अथवा काडीनें अक्षर काढावयाचें, आणि फळी हालवून तें मोडावयाचें. यावरून आरंभींच्या लेखनास 'धुळाक्षर' हें नांव पडलें. पहिला धडा 'ॐ नमः सिद्धम्' या मंत्राचा. बालमुखांत त्याचें 'ओनामा' झालें आणि तो शब्द पुढें कोणत्याही गोष्टीच्या आरंभास लागूं लागला. हा धडा किती प्राचीन आहे हें चिनी यात्रेकरू इत्सिंग याच्या वृत्तान्तावरून कळतें. सातव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानांतील मुलें सहाव्या वर्षीं 'सिद्धम्' नांवाच्या अक्षरपाठानें शिकण्यास आरंभ करतात, असें त्यानें नमूद केलें आहे. अकराव्या शतकांत अल्बेरुणीनें लिहिलें आहे कीं, येथील शाळांत मुलांसाठीं काळ्या पाट्या असतात व तींवर लांबीच्या बाजूनें पांढऱ्या द्रव्यानें डावीकडून उजवीकडे लिहितात. राज्यें गेलीं, भाषा बदलल्या. पण लहान मुलाचा पहिला धडा हजार वर्षें जवळजवळ तसाच राहिला.

ओनाम्यानंतर मुळाक्षरें, मग बाराखड्या, मग जोडाक्षरें असा क्रम असे. अक्षर बसलें म्हणजे बोरू व शाई हातीं येई आणि कित्ता गिरवावयाचा. दसऱ्याच्या पाटीपूजनास पाटीवर एकाच्या आंकड्यांनीं जुळविलेली सरस्वती काढीत. तिथें अक्षर, अंक व देवता हीं एकाच आकृतींत आलेलीं दिसतात. दिवेलागणीस परवचा होई. मोठ्या मुलानें म्हणावें व लहानांनीं त्याच्यामागून म्हणावें, या रीतीनें शिकलेलें मूल लगेच शिकविणारें होई.

या पद्धतीचा प्रवास मोठा विलक्षण आहे. डॉक्टर अँड्र्यू बेल हा १७८९ ते १७९६ या काळांत मद्रासेस अनाथ मुलांच्या शाळेचा अधीक्षक होता. मलबारी मुलें वाळूंत अक्षरें काढतांना त्यानें पाहिलीं व ती रीत आपल्या शाळेंत आणिली. मोठ्या मुलांकडून लहानांस शिकविण्याची व्यवस्थाही त्यानें तिला जोडली. १७९७ मध्यें लंडनास त्यानें या प्रयोगाचा वृत्तान्त छापला, आणि 'मद्रास पद्धति' या नांवानें इंग्लंडांतील गोरगरिबांच्या शाळांत तिचा प्रसार झाला. पंचवीसएक वर्षांनीं मुंबईकर इंग्रजांनीं देशी शाळा सुधारण्याचें मनावर घेतलें तेव्हां सुधारणा म्हणून जी पद्धत त्यांनीं पुढें केली तिच्यांत हीच वाळू आणि हेच मुलानें मुलास शिकविणें होतें. आपलीच धूळपाटी साता समुद्रांपलीकडे जाऊन, नांव बदलून परत आली.

(४)

पंतोजीच्या शाळेचा दुसरा आणि व्यवहारांत अधिक उपयोगाचा भाग म्हणजे उजळणी. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्गत करावे लागत. औट म्हणजे साडेतीन. हा शब्द संस्कृत 'अर्धचतुर्थ' यापासून प्राकृत 'अद्धुट्ठ' होऊन मराठींत आला आहे. चौथा अर्धा, म्हणजे तीन पुरे व चौथ्याचें अर्ध, असा त्याचा अर्थ. अडीच हा शब्द 'अर्धतृतीय' यापासून, दीड हा 'द्व्यर्ध' यापासून आला. सातवाहनकालीन प्राकृताचा अवशेष शोधण्यास आम्हीं लेण्यांत जातों. तोच अवशेष आगरी मूल सायंकाळीं ओसरीवर बसून मोठ्यानें म्हणत असे.

हे पाढे केवळ घोकंपट्टीचे नव्हते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, खंडीचे वीस मण अशा मापांत सर्व हिशेब पावांचा व अर्धांचा येतो. द्रोणागिरीच्या भोंवतालचा प्रदेश मिठागरांचा. तेथें साडेतीन आणे मण या भावानें चौदा मण मीठ गेलें असें समजूं. औटकी येणारें मूल चौदा औटे एकूणपन्नास म्हणून तत्काळ तीन रुपये एक आणा सांगेल. न येणारास बोटें मोजावीं लागतील, आणि तेवढ्यांत तराजूवाला त्यास फसवील. ज्या समाजाचा निर्वाह मीठ, मासळी व भात यांच्या विक्रीवर, त्याला औटकी म्हणजे स्वसंरक्षणाचें साधनच होतें. तथापि हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे कीं, पावसाळा सरल्यावर मिठागरांची बांधबंदिस्ती व उन्हाळ्यांत मिठाची काढणी हीं कामें याच घरांतील हातांनीं व्हावयाचीं. ज्या हिशेबाची गरज सर्वांत अधिक, तो शिकण्यास सवड सर्वांत कमी, असा हा पेंच होता.

(५)

या शाळा किती होत्या? मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १३ डिसेंबर १८२३ रोजीं शिक्षणाविषयीं आपलें प्रसिद्ध टिपण लिहिलें, आणि १८२४ पासून जिल्ह्याजिल्ह्यांतून देशी शाळांची माहिती मागविण्यांत आली. १८२९ पर्यंत जमलेल्या आंकड्यांप्रमाणें इलाख्यांत १,७०५ शाळा व सुमारें ३५,००० विद्यार्थी होते. लोकसंख्या सुमारें ४७ लाख धरली होती. म्हणजे शाळेमागें सरासरी वीस-एकवीस मुलें, आणि दर १३३ माणसांमागें एक विद्यार्थी. या चौकशीचे कागद रा. वि. परुळेकर यांनीं प्रसिद्ध करून अभ्यासकांवर मोठे उपकार केले आहेत.

हे आंकडे वाचतांना दोन्ही बाजूंचा मोह टाळावा. गांवोगांव शाळा होती म्हणून सर्व प्रजा साक्षर होती असें नव्हे. आणि विद्यार्थी थोडे होते म्हणून ती शाळा निरुपयोगी होती असेंही नव्हे. मुलींस त्या पाटीवर जागा जवळजवळ नव्हती. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांस तर ओसरीची पायरीही बंद होती. जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढली ती याच उणिवेवर बोट ठेवून.

(६)

आतां सरकारी शाळेकडे वळूं. १८२२ सालीं मुंबईंत देशी शाळापुस्तकांची मंडळी स्थापन झाली. पुस्तकांचा अभाव, शिकविण्याची सोपी पद्धत नसणें, तयार शिक्षक नसणें आणि पैशाचा तुटवडा, असे चार दोष तिनें दाखविले. कॅप्टन जार्विस यानें गणिताचीं पुस्तकें मराठींत आणिलीं. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचीं 'बाळमित्र' व 'इसापनीतिकथा' हीं पुस्तकें १८२८ मध्यें निघालीं. पुढें बाळशास्त्री जांभेकर यांजकडे शाळातपासणीचें काम आलें. कोंकणांतील शिलालेख व ताम्रपट यांचे वाचन करणारा आमचा आद्य संशोधक हाच शाळा तपासीत फिरत होता, ही गोष्ट आम्हीं विसरूं नये. १८४० मध्यें बोर्ड ऑफ एज्युकेशन, १८५४ मध्यें वुडचा खलिता आणि १८५५ मध्यें स्वतंत्र शिक्षणखातें, अशा पायऱ्यांनीं ही व्यवस्था पक्की झाली.

या व्यवस्थेबरोबर तीन वस्तु शाळेंत आल्या: हजेरीपट, वेळापत्रक आणि रविवारची सुटी. मुलाचें नांव प्रथमच एका रकान्यांत बसलें, आणि त्यापुढें वारावारीं खूण पडूं लागली. तिथि मागें पडली, वार पुढें आला. सरकारी कचेऱ्यांत व शाळांत रविवार आधीं रुळला; मुंबईच्या गिरणीकामगारांस तो मिळविण्यास नारायण मेघाजी लोखंडे यांस झगडावें लागलें व १० जून १८९० रोजीं त्या मागणीस यश आलें. एवंच, जो आठवडा आज आपणांस अनादि वाटतो तो शाळेच्या पाटीवर येऊन दोनशें वर्षेंही झालीं नाहींत.

आज तर तो कायद्यांतच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें पहिली ते पांचवीच्या वर्गांस वर्षांत किमान २०० दिवस व ८०० तास, आणि शिक्षकास तयारीसह आठवड्यास किमान ४५ तास, असें मान घालून दिलें आहे. या मानाचा लाभ निर्विवाद आहे. पंतोजीच्या पंधरवड्यांत जें मूल आलें नाहीं त्याची नोंद कोठेंच होत नसे. हजेरीपटाच्या रकान्यांत न आलेलें मूलही दिसतें. मुलगी असो, आगऱ्याचें असो, कातकऱ्याचें असो, त्याचा हक्क मोजतां येऊं लागला तो या रकान्यामुळें. आम्हीं जुन्याचे संग्राहक असलों तरी हें मान्य केल्यावांचून गत्यंतर नाहीं.

(७)

मग हातचें काय गेलें? पहिली गेली औटकी, पण ती सकारण गेली. १९५५ च्या कायद्यान्वयें १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणें सुरू झालें, पाठोपाठ मेट्रिक वजनें-मापें आलीं, आणि पाव-अर्ध्यांचे पाढे म्हणण्याचें व्यावहारिक प्रयोजन संपलें. तिच्याबद्दल हळहळ वाटली तरी तक्रार करतां येत नाहीं.

मोडीची गोष्ट वेगळी. ओळभर रेघ आधीं ओढावयाची आणि मग तिला अक्षरें लावीत जावयाचें, हात शक्य तों न उचलतां. ही रीत वर्षानुवर्षांच्या कित्त्यांनींच बसते. छापण्यास बाळबोध सोयीची पडली. केरीचा १८१० चा मराठी कोश मोडी ठशांनीं छापला गेला होता, तरी पुढें शाळापुस्तकांची मुख्य लिपि बाळबोधच झाली. जोतीराव फुले यांनीं १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें त्यांत प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमांत मोडी व बाळबोध या दोहोंचें लेखन-वाचन आणि हिशेब हीं प्रथम सांगितलीं आहेत. शेतीचें प्राथमिक ज्ञान त्यापुढें. शेतकऱ्याच्या घरांतील कागद मोडींत असतो आणि तो वाचतां न आल्यास दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें, हें त्यांनीं ओळखलें होतें. स्वातंत्र्यानंतर शाळेच्या आठवड्यांतून मोडीचा तास गेला. घरोघरींचे कागद मात्र जेथल्या तेथेंच राहिले.

याचा अर्थ द्रोणागिरीच्या परिसरांत विशेष स्पष्ट होतो. १९८९ मध्यें न्हावा-शेवा बंदर सुरू झालें. मिठागरें, खारजमिनी व गांवें यांचें रूप पालटलें. जमिनीच्या मोबदल्यासाठीं १९८४ च्या जानेवारींत जासई परिसरांत शेतकऱ्यांचें जें आंदोलन दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालें त्यांत पांच जण गोळीबारांत मृत्यु पावले. साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याच्या योजनेचें मूळ त्या लढ्यांत आहे. अशा वेळीं कोणाची जमीन, कोणाच्या नांवची, किती पिढ्यांची, हा प्रश्न येतो. आणि एकोणिसाव्या शतकांतील पावती, गहाणखत किंवा वांटणीपत्र मोडींत असेल तर नातवास आजोबाची सही ओळखतां येत नाहीं. शाळेच्या आठवड्यांतून एक तास कमी झाला, आणि घरांतील पेटी घरच्याच माणसास परकी झाली.

(८)

शेवटीं आम्हां संग्राहकांविषयीं. सनद आम्हीं जपतों, बखर जपतों, राजमुद्रेचा कागद दिसला तर कोसभर चालत जातों. गो. स. सरदेसाई यांनीं १९३० नंतर पेशवे दफ्तरांतून ४५ खंड निवडून छापले, हा आमच्या कामाचा आदर्श. परंतु मुलाचा कित्ता हातीं आला तर आम्हीं त्यास रद्दी समजतों. उजळणीची हस्तलिखित वही, पत्राचे मायने शिकविणारा खर्डा, शाळेचा जुना हजेरीपट, शेरेबुक, शिक्षकानें लावलेलें आठवड्याचें वेळापत्रक, हे कागद कोणत्याही दफ्तरखान्यांत मानानें ठेविलेले आढळत नाहींत. धूळपाटीवरचें तर त्याच दिवशीं मोडलें जात असे. कागदावरचें आम्हीं आमच्या हेळसांडीनें मोडूं देत आहों.

मोडी अक्षराचें वळण कोणत्या काळीं व कोणत्या प्रांतीं कसें बदललें, यावरून बिनतारखेच्या कागदाचा काळ ठरविण्याची आमची नेहमींची खटपट असते. तें वळण जेथें घडलें तो कित्ता हातीं असेल तर हें काम किती सुलभ होईल, हें या विद्येच्या उपासकांस सांगावयास नको. म्हणजे कित्ता जपणें हें केवळ कौतुकाचें नव्हे, आमच्याच शास्त्राच्या गरजेचें काम आहे.

गांवांची वस्ती हालते, शाळेची इमारत नवी बांधली जाते, तेव्हां जुनें कपाट प्रथम रिकामें होतें. द्रोणागिरीभोंवतीं आज हेंच चाललें आहे. म्हणून वाचकांस आमची विनंति आहे कीं, आपापल्या गांवच्या शाळेंत एकदां जावें, मुख्याध्यापकांच्या परवानगीनें तें कपाट उघडावें, जें जुनें असेल त्याची यादी करावी व छायाचित्रें घ्यावीं. मूळ कागद मात्र शाळेचाच असूं द्यावा. आणि घरीं एखादी जीर्ण उजळणी सांपडल्यास तिच्या पहिल्या पानावरील वेडेंवांकडें 'श्री' पाहून ती टाकून देऊं नये. राज्यकारभाराचें प्रत्येक दफ्तर अशाच एका 'श्री'पासून सुरू झालेलें आहे.